आईचे माहेर आणि गाडीची खळखळ

आईचे माहेर तुये. गोव्यात पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या उत्तरेला. आमच्या बेळगावच्या गल्लीत तुये म्हटले की ‘हे कुठे आले?’ असा प्रश्न ठरलेला. मग ‘पेडण्याजवळ’ म्हणायचे. तेवढ्याने भागले नाही तर ‘म्हापशाच्या पलीकडे’. आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून ‘मोपाजवळ’ म्हटले की काम होते. आईला हे मुळीच आवडत नाही. ‘आमचा गाव काय त्या विमानतळाच्या आधी नव्हता?’ असे ती म्हणते.

गेल्या मे महिन्यात तिच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. तारीख सोमवारची मिळाली. आईने एकच अट घातली, ‘डोळ्यावर पट्टी बांधण्याआधी मला एकदा भावाला बघून येऊ दे.’ तीन वर्षे ती तुयेला गेली नव्हती. तिचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, तेव्हा गाडीच काढायची. शुक्रवारी पहाटे निघायचे, शनिवारी दुपारी परतायचे, रविवारी विश्रांती. आमची लहान गाडी बारा वर्षांची आहे, पण कधी रस्त्यात बसलेली नाही. निघण्यापूर्वी मी चाकांतली हवा, ऑइल आणि बॉनेटखालची ती पांढरट प्लॅस्टिकची बाटली बघितली. बाटलीतले पाणी वरच्या रेघेच्याही वर होते. पाण्याची काळजी मिटली, असे मला वाटले.

आई पुढे बसली, सौ. मागे. गाडी सुरू करून कॅम्पातून बाहेर पडतो तोच आई म्हणाली, ‘अरे, इथे आत पाणी खळखळतेय.’ तिने समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवला होता. मला काही ऐकू आले नाही. ‘तुझ्या पायाजवळच्या बाटलीतले असेल,’ असे म्हणून मी विषय संपवला.

जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला. हा रस्ता आपल्याकडच्या बहुतेकांना पाठ आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, तिथे माउलीच्या देवळासमोर आईने गाडीतूनच हात जोडले. पुढे घाट उतरताना डावी-उजवीकडे रान, आणि खाली आल्यावर अंजुणे धरणाचे पाणी. उतारावर इंजिनाला फारसे कष्ट नसतात, त्यामुळे काटा शहाण्यासारखा मधे होता. केरी, साखळी, डिचोली, अस्नोडा असे करत आम्ही कोलवाळचा पूल ओलांडला. आईला पूल आला की तिचे जुने दिवस आठवतात. कामुर्लीच्या धक्क्यावर उभे राहून पलीकडच्या तुयेच्या काठावरून होडी यायची वाट बघायची, आणि भरती-ओहोटी सांभाळत घरी जायचे, ही गोष्ट तिने याही वेळी सांगितली. या वेळी मी ती नीट ऐकलीही नाही, कारण पुढे गाड्यांची रांग लागली होती.

धारगळच्या बाजूने महामार्ग सोडून आत वळलो. हल्ली या भागात मोरजी, मांद्रे, हरमलला जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची गर्दी असते. अरुंद रस्ता, ऊन, एसी चालू, आणि गाडी पावला-पावलाने पुढे. तेवढ्यात माझे लक्ष काट्याकडे गेले. तो तांबड्या पट्टीला टेकायला आला होता.

अशा वेळी एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा, हे मी ऐकून होतो. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते, म्हणून तो सोडला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते आणि इंजिनाला तेवढाच उतारा मिळतो. माणसे घामाने भिजतात, पण इंजिन वाचते. मी बटण तांबड्या खुणेकडे फिरवले. आई म्हणाली, ‘मे महिन्यात शेगडी कशाला?’ आणि लगेच, ‘पण गरम कुठे येतेय? बाहेरच्यासारखाच वारा आहे.’ मला बरेच वाटले. आईला त्रास नको! थोड्या वेळाने काटाही खाली आला. मी विजयी मुद्रेने मागे वळून सौ.कडे पाहिले.

या दोन गोष्टी, म्हणजे खळखळ आणि गार हीटर, दोन्ही आईने सांगितल्या होत्या. दोन्ही मी हसण्यावारी नेल्या.

मामाच्या दारात गाडी उभी केली तेव्हा बॉनेटखालून सूं-सूं असा आवाज येत होता. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मामाने ओट्यावरूनच आरोळी ठोकली. सत्तरीचा माणूस, पण आवाज असा की मी जागीच थांबलो. जवळ येऊन त्याने सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी. लहानपणी हा डाग मी पाहिला होता, पण तो कशाचा हे कधी विचारले नव्हते.

मामाने पंचवीसेक वर्षे डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवला. खाणीवरून धक्क्यापर्यंत भरलेला ट्रक, परत रिकामा, दिवसभर हेच. धक्क्यावरून बार्जेस माल घेऊन मुरगावला जात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा त्याने ट्रक विकला. ट्रक तापणे हे त्याच्या धंद्यातले रोजचे दुखणे. एकदा घाईत, पुढच्या फेरीचा नंबर जाईल म्हणून, त्याने तापलेल्या रेडिएटरचे झाकण फडके धरून फिरवले. ‘आत पाणी नसता रे,’ मामा म्हणाला, ‘आत वाफ वाट बघत बसलेली असता.’ मग आईकडे वळून, ‘बाय, तू भितर चल. गाडी निवूं दी. आदीं च्या घेया.’

गाडीच्या आत पाणी उकळत का नाही, याचे उत्तर त्या झाकणात आहे. ते नुसते झाकण नसते, त्यात स्प्रिंगची झडप असते. ती आतला दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. तिथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांनाही पोचत नाही, ९७-९८ अंशांनाच उकळते. गाडीचा पंखा सुरू होतो तोच साधारण ९५ अंशांच्या आसपास. म्हणजे झाकण ढिले असेल तर बेळगावच्या माणसाच्या हाती दोन-तीन अंशच उरतात! झाकण चांगले असेल तर तेच पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. पण तोच दाब उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. झाकण काढले की दाब गेला, आणि ११० अंशांचे पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळते. मामाच्या हाताची हकीकत एवढीच. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो, हेही त्यानेच सांगितले. ते त्याने दुसऱ्याच्या ट्रकचे पाहिले होते.

चहा झाला, जेवण झाले. फणसाची भाजी, मानकुरादचे आंबे. आई आणि मामा ओट्यावर बसून गेलेल्या माणसांची उजळणी करत होते. मी मात्र दर दहा मिनिटांनी गाडीकडे बघून येत होतो. मनात सारखे एकच, हेड गॅस्केट गेले असेल तर? मग इंजिन उघडायचे, हेड कारखान्यात पाठवायचे, आठवडा तरी जाणार. आणि सोमवारी आईचे ऑपरेशन.

संध्याकाळी मामा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमधून मेकॅनिक घेऊन आला. पंचविशीचा पोरगा. कोकणी बोलत होता, पण दोन वाक्यांतच सौ.चे कान टवकारले. ती धारवाडची. तिने सरळ विचारले, ‘याव ऊर री निम्मदु?’ पोरगा हसला. ‘गदग कडे री, अक्का.’ झाले! त्यानंतरची सगळी तपासणी कन्नडमध्ये झाली. मला बेळगावकराला समजत होती, आईला चाळीस वर्षांच्या शेजारामुळे समजत होती, आणि बिचारा मामा आपल्याच अंगणात परका झाला.

पोराने आधी काही उघडले नाही. रेडिएटरचा वरचा जाड पाइप मुठीत धरून बघितला. तो निर्धास्त धरता आला तेव्हाच झाकण फिरवले. आत टॉर्च मारला आणि मला बोलावले. आत पाणी दिसतच नव्हते. बाजूची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. ‘बाटल्याग नीर ऐति, रेडिएटरदाग इल्ल,’ तो म्हणाला. बाटलीत पाणी आहे, रेडिएटरमध्ये नाही. मी बारा वर्षे बाटली बघून समाधान मानत आलो होतो.

मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली, डॉक्टर विचारतात तसे. गाडी कधी तापली, चढावर की गर्दीत? गर्दीत थांबून तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर आधी पंख्यावर संशय. कारण मोकळ्या रस्त्यावर वारा फुकट मिळतो, गर्दीत तो पंख्याने आणावा लागतो. चढावर किंवा वेगात तापत असेल, तर पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. त्याने गाडी सुरू करून एसी लावला, पंखा गरगर फिरला. पंखा बरा. एसी लावून हे बघणे घरी कुणालाही जमण्यासारखे आहे.

नंतर विचारले, काही आवाज? मी नाही म्हणणार, तोच ओट्यावरून आई म्हणाली, ‘सकाळपासून खळखळ होतेय, मी सांगत होते.’ आणि हीटर? ‘गारच होता,’ पुन्हा आईच. पोराने हातातला पाना खाली ठेवला. पाणी कमी झाले की हीटरच्या बारीक नळ्यांत हवा शिरते, तिची ती खळखळ. आणि हीटरपर्यंत गरम पाणीच पोचत नसेल तर तो गरम वारा देणार कुठून? काटा खाली आला त्याचेही त्याने असेच सांगितले. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे बोलतो. पाणी उतरून तो उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो, आणि माणूस खूश होतो. तेव्हा गाडी थांबवायची, पुढे हाकायची नाही. मी शेवटचे दोन किलोमीटर खुशीत हाकले होते.

आता मला धाकधूक होती ती त्याच्या पुढच्या परीक्षेची. त्याने सावकाश साधे पाणी ओतले. दीड लिटरहून जास्त गेले. मग झाकण उघडेच ठेवून, तोंड बाजूला करून, गाडी सुरू केली. आत बुडबुडे येऊ लागले. हेड गॅस्केट फुटले असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येतच राहतात, नुसती अडकलेली हवा असेल तर थोड्या वेळाने थांबतात. आम्ही सगळे बॉनेटभोवती वाकून उभे. सौ. पुटपुटत होती, काय ते मी विचारले नाही. पाच मिनिटे झाली, सात झाली. बुडबुडे विरळ झाले आणि थांबले. त्याने ऑइलची पट्टी काढून पुसून पाहिली, ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू पाहिली. ऑइलमध्ये पाणी मिसळले तर ते दुधाच्या चहासारखे होते. आमचे काळेच होते. काळे ऑइल बघून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

रेडिएटरचा खालचा पाइप आधी गार होता, मग एकदम गरम झाला. म्हणजे थर्मोस्टॅटही उघडत होता. मग पाणी गेले कुठे? जमिनीवर थेंब नाही, पाइप कोरडे.

दोष निघाला तो झाकणाखालून बाटलीकडे जाणाऱ्या करंगळीएवढ्या रबरी नळीत. तिच्या एका टोकाला, क्लिपच्या खाली, बारीक चीर होती. पोराने नळी काढली, साबणाचे पाणी लावले, एक टोक बोटाने दाबून दुसरीकडून फुंकले, आणि चिरेवर फेस आला. मला अजून उलगडा होईना. एवढ्याशा चिरेतून दीड लिटर?

मामा आत गेला आणि शहाळे घेऊन आला. नात प्यायला वापरते ती नळी त्याने सुरीने मधे जराशी कापली आणि मला म्हणाला, ‘ओढ.’ मी ओढले. तोंडात वारा आला, पाणी आले नाही.

असे आहे ते. गाडी तापली की आतले पाणी फुगते, दाब वाढला की झाकणाची झडप थोडे पाणी या नळीतून बाटलीत सोडते. गाडी निवली की पाणी आकसते, झाकणातली दुसरी छोटी झडप उघडते, आणि बाटलीतले पाणी परत आत ओढले जाते. रोज जाणे, रोज येणे. आमच्या नळीतून जाणे चालू होते. येताना मात्र चिरेतून हवा आत जात होती, पाणी बाटलीतच राहत होते. म्हणून बाटली भरत चालली होती आणि रेडिएटर रिकामा होत होता. बाटली गरजेपेक्षा जास्त भरलेली दिसते, हीच खरी खूण होती, आणि मी ती बघून निश्चिंत होऊन निघालो होतो! (नव्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, बाटलीच दाबाखाली असते आणि तिलाच ते भारी झाकण असते. तिथे बाटलीची पातळी खरे सांगते, पण गरम असताना ती बाटली उघडायची नाही, नियम तोच.)

झाकणाचे रबरही कडक झाले होते. नवे झाकण म्हापशाहून आणायला हवे, ते उद्या. आणि आतले पाणी चहाच्या रंगाचे, गंजाचे. मागे आमच्याकडच्या एका गॅरेजात पाइप बदलला तेव्हा नळाचे साधे पाणी भरून गाडी दिली होती, आणि मीही चौकशी केली नव्हती. पोराने ते धुऊन काढून कुलंट भरायचे ठरवले. कुलंट म्हणजे बहुतेक इथिलीन ग्लायकोल आणि गंज रोखणारी औषधे. अर्धे ते आणि अर्धे शुद्ध पाणी असे मिश्रण दाबाशिवायही १०६-१०७ अंशांपर्यंत उकळत नाही. हिरवे, तांबडे, निळे असे रंग मिळतात, पण रंग एक म्हणून औषध एक असे नसते, त्यामुळे जे आहे त्यात दुसरे ओतू नये. तयार मिश्रण घेतले तर त्यात आणखी पाणी घालायचे नाही.

इथे मामीने पहिल्यांदा तोंड उघडले. गाडी विहिरीच्या कठड्यापासून चार हातांवर उभी होती. ‘ते औषध हंय सांडूंक देवचें ना,’ तिने ठणकावले. आणि ती बरोबर होती. ग्लायकोल चवीला गोड असते आणि विषारी. कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही ते तितकेच घातक. शेवटी गाडी ढकलत रस्त्याकडे नेली, आणि जे काही निघाले ते टबात धरून पोरगा गॅरेजात घेऊन गेला. मामीचा कुत्रा सगळा वेळ साखळीला.

शनिवारी दुपारपर्यंत झाकण आले नाही. संध्याकाळी आले. म्हणजे आईला माहेरी आणखी एक रात्र मिळाली. रात्री अंगणात खाटा टाकून आम्ही बोलत बसलो, तेव्हा मी तिला बर्था बेंझची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १८८८ मध्ये या बाईने नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली गाडी काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटर, गेली. मोटारीचा तो जगातला पहिला लांबचा प्रवास. त्या इंजिनात पाणी उकळून उडून जायचे, त्यामुळे वाटेत जागोजागी थांबून पाणी भरावे लागले. ‘आणि गेली कुठे होती?’ आईने विचारले. ‘आईकडे. माहेरी,’ मी म्हणालो. आई बराच वेळ हसत होती. मग मामाला म्हणाली, ‘ऐकलेस? त्या गाड्या सुद्धा माहेरासाठीच निघाल्या.’

रविवारी सकाळी लवकर निघालो. परतीच्या वाटेवर खरी परीक्षा केरीपासून वर चोर्ल्यापर्यंतची. मी एसी बंद ठेवला, खालच्या गिअरमध्ये सावकाश चढलो आणि अर्धा वेळ काट्याकडे बघत होतो. सौ. मागून म्हणाली, ‘रस्ता बघा, काटा मी बघते.’ काटा मधेच राहिला. कणकुंबीला चहाला थांबलो, बॉनेट उघडले, झाकणाला हात लावला नाही. बाटलीतले पाणी निघतानाच्या रेघेपेक्षा दोन बोटे वर आले होते.

सोमवारी पहाटे, गाडी रात्रभर निवलेली असताना, पुन्हा बघितले. पाणी बरोबर रेघेवर होते. वर आलेली दोन बोटे आत परत गेली होती. सौ.ने गदगच्या त्या पोराला फोन लावून सांगितले. मग आईला पुढच्या सीटवर बसवले आणि गाडी सुरू केली. तिने डॅशबोर्डवर हात ठेवला, कान थोडा पुढे नेला.

‘नाही रे,’ ती म्हणाली, ‘आज काही नाही.’

आम्ही हॉस्पिटलकडे निघालो.